बुएनोस आइरेसच्या घरगुती पारीशात जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंटार्क्टिकाची बोट पकडायला उशुआयाला निघालेली, पॅटागोनिया बघायला आलेली किंवा कंपनीच्या कामासाठी इथे मुक्काम ठोकलेली मराठी मंडळी बुएनोस आइरेसला उतरली, की मला दोन तऱ्हेचे मेसेज येतात. "इथलं ते निखाऱ्यावरचं खायचंच आहे, कुठे जाऊ?" हा एक. "सगळीकडे मांसच दिसतंय, आम्ही खायचं काय?" हा दुसरा. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं: वस्तीतल्या एखाद्या घरगुती पारीशात जा आणि मोसोला विचारा. पण विचारायचं काय, हे माहीत असलं तर पोट जास्त चांगलं भरतं. म्हणून ही उत्तरं. पुएर्तो मादेरोच्या गोदीकाठी असलेल्या चकचकीत हॉटेलांना यातलं निम्मंच लागू पडेल.

पारीशा म्हणजे काय?

भाजायची लोखंडी जाळी, आणि त्या जाळीवरचं वाढणारं हॉटेल, दोन्हीही पारीशाच. ॲपवर स्पॅनिश शिकून आलेली मुलं "पारिया" म्हणतात, पण या शहरात तिथे "श" ऐकू येतो. तसंच कोंबडी म्हणजे पोशो आणि कांदा म्हणजे सेबोशा. मोसो म्हणजे वेटर, आणि जाळीपाशी उभा असतो तो पारीशेरो.

असादो हे नाव दोन अर्थांनी कानावर पडेल. घरी माणसं जमवून भाजण्याचा जो बेत करतात तो असादो. मेन्यूवर मात्र असादो म्हणजे बरगडी.

जागा घरगुती आहे हे ओळखायचं कसं?

पाटीवरून कळत नाही. गल्ल्यावर कोण बसलंय ते बघा. तिथली बाई किंवा काका हिशेब करता करता प्रत्येक टेबलावर नजर ठेवून असतील, नेहमीच्या गिऱ्हाइकाला गालाला गाल लावून भेटत असतील, मागच्या भिंतीवर लुहानच्या मेरीची तसबीर आणि मॅराडोनाचा फोटो असेल, तर खुशाल आत शिरा. जाळीवर बहुतेक मुलगा किंवा जावई असतो. मोसो मात्र घरचा नसला तरी घरच्यासारखा, साठीला टेकलेला. सहा जणांची ऑर्डर कागद-पेन्सिल न घेता डोक्यात ठेवतो आणि कोणाची प्लेट कोणाची हे एकदाही न विचारता समोर ठेवतो.

यातली बरीच कुटुंबं इटलीतून किंवा स्पेनच्या गॅलिसियातून आलेल्यांची. त्यामुळे मेन्यूत मांसाच्या यादीखाली न्योकी (बटाट्याच्या छोट्या गोळ्यांचा पास्ता), राव्योलेस (सारण भरलेला पास्ता), बटाट्याची तोर्तीशा (अंडं घातलेलं जाड ऑम्लेट) असं सगळं सापडतं. शाकाहाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, पुढे कामाला येईल.

जेवायला किती वाजता जावं?

दुपारी साडेबारा ते तीन. रात्री आठ-साडेआठच्या आधी दारच उघडत नाही. उघडल्या उघडल्या जाणारे म्हणजे आपण पाहुणे आणि फार तर दोन-चार आजी-आजोबा. इथली कुटुंबं साडेनऊ-दहाला येतात, तीही तान्ह्या बाळांसकट, आणि बारापर्यंत हलत नाहीत.

आपल्या सवयीने साडेसातला भूक लागणार असेल तर संध्याकाळी कॅफेत "मेर्येंदा" करा, म्हणजे कॉफी आणि दोन मेदियालुनास (चंद्रकोरीच्या आकाराचे गोडसर पाव). रविवारची दुपार सगळ्यात गर्दीची. सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात, निघायच्या आधी फोन करा. 1 मे हा इथे कामगार दिन आणि असादोचा दिवस. त्या दिवशी घराघरांतून धूर निघतो, पण हॉटेलात जायचं तर चौकशी करूनच.

आधी टेबल राखून ठेवावं लागतं का?

वस्तीतल्या जागांमध्ये बहुतेक वेळा दारात नाव लिहून घेतात आणि थांबायला सांगतात. मोठ्या नावाच्या ठिकाणी हवंच. सहलीच्या कंपनीसोबत वीस जणांनी न कळवता छोट्या पारीशात घुसणं बरं नाही. जाळी एक, माणूस एक. तो बिचारा काय काय करणार? दोन दिवस आधी कळवा आणि त्यातले किती जण मांस खात नाहीत हेही तेव्हाच सांगा.

मेन्यू हातात आला. आता मागवायचं काय?

दोघांसाठी माझा नेहमीचा सल्ला: सुरुवातीला एक प्रोवोलेता (भाजलेलं चीज) आणि एक चोरीसो (सॉसेज) अर्धा-अर्धा, मग मांसाचा एकच मोठा तुकडा वाटून, सोबत मिक्स्ता सॅलड (लेट्यूस, टोमॅटो, कांदा) आणि पापास फ्रीतास, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप. एवढंही जास्तच होतं. इथे स्टेकचा एक तुकडा 400 ग्रॅमचा येणं अगदी नेहमीचं, आणि वाटून खाण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. "पारा कोंपार्तीर" म्हटलं की मोसो स्वतःच मधोमध ठेवतो.

तुकड्यांची नावं ऐकून गोंधळ होतो. तीरा दे असादो म्हणजे बरगड्या आडव्या कापून काढलेली पट्टी. हाड, चरबी, मांस सगळं एकत्र. दातांना काम पडतं, पण चवीला मी हीच पहिली धरेन. वासीओ पोटाच्या बाजूचा. तो घाईने होत नाही. मंद निखाऱ्यावर बराच वेळ ठेवला की वरचा पापुद्रा कुरकुरीत होतो आणि आतला रस आतच राहतो. चांगला वासीओ जमतो तिथला पारीशेरो हाडाचा कसलेला समजा. एंत्रान्या हा पोटाच्या पडद्याचा पातळ पट्टा, झटपट भाजणारा. ओहो दे बीफे बरगड्यांजवळचा, आतून चरबीच्या रेषा असलेला. लोमो सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. पाहुण्यांना तो हमखास सुचवला जातो, मला मात्र त्याची चव सपक वाटते.

"पारीशादा पारा दोस" असं लिहिलेलं दिसलं तर जरा थांबा. निखारे घातलेली छोटी शेगडी थेट टेबलावर येते, तिच्यावर सगळ्याचं थोडं थोडं. दृश्य झकास. पण दोघांची म्हणून मागवलेली तिघांना पुरते आणि तिच्यात अवयवांचं मांस भरपूर असतं. ते आवडत असेल तरच घ्या.

बीफे दे चोरीसो म्हणजे सॉसेज ना?

नाही. तो पाठीकडचा जाड स्टेक, कडेला चरबीची पट्टी असलेला. सॉसेज म्हणजे नुसता चोरीसो. तो उभा चिरून पावात घातला की चोरीपान. तो खायचा तर पारीशात बसण्यापेक्षा कोस्तानेरा सूरला, नदीकाठच्या गाड्यांवर उभ्याने खा.

आचुरास म्हणजे काय, आणि खावेत का?

प्राण्याच्या आतले अवयव. गावाकडे कलेजी, गुर्दा, वजडी, रक्ती खाऊन वाढलेल्यांना इथे नवं असं फारसं नाही. रिन्योनेस म्हणजे गुर्दे. चिंचुलीनेस म्हणजे लहान आतडी, बाहेरून कुरकुरीत होईपर्यंत भाजलेली. मऊ लिबलिबीत आली तर परत पाठवायला लाजू नका. मोर्सीशा म्हणजे रक्ताचं सॉसेज, काही ठिकाणी त्यात बेदाणे-अक्रोड घालून गोडसर करतात. मोशेहास ही वासराची थायमस ग्रंथी. इथल्या खवय्यांचा जीव हिच्यावर. बाहेर सोनेरी पापुद्रा, आत लोण्यासारखी मऊ, वर लिंबू पिळायचं. किंमत स्टेकच्या बरोबरीने असते. एकदा चाखून बघाच, नाही आवडली तर टेबलावरचा दुसरा कोणी संपवेल.

मांस किती भाजलेलं मागवावं?

हुगोसो म्हणजे आतून लालसर आणि रसाळ. आ पुंतो म्हणजे मध्यम. ब्येन कोसीदो म्हणजे पूर्ण शिजलेलं. व्वेल्ता इ व्वेल्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी फक्त चटका दिलेलं, ते आपल्या कामाचं नाही.

कच्चट मांस बघून पोटात ढवळत असेल तर ब्येन कोसीदो म्हणा, कोणी नाक मुरडणार नाही. अर्जेंटिनातली कितीतरी घरं असंच खातात. फक्त त्याला वेळ लागतो आणि जाड तुकडा कोरडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे "मारिपोसा" मागायचं: तुकडा मधोमध उघडून पुस्तकासारखा पसरवतात, मग तो लवकर आणि सारखा शिजतो. तीरा आणि वासीओ तर नीट भाजलेलेच चांगले लागतात, त्यात चरबी असल्यामुळे कोरडे पडत नाहीत.

मांसाला मसाला का लावत नाहीत?

गिऱ्हाइकाने मसाला मागितला की पारीशेरो जाळीकडे बोट दाखवतो. सगळी करामत आगीत आहे.

जरा जाळीजवळ जाऊन उभे राहा, कोणी हाकलत नाही. एका कोपऱ्यात उभट लोखंडी पिंजऱ्यात लाकडं जळत असतात, केब्राचोसारखी कठीण, जड. ज्वाळेवर मांस कधीच नसतं. लाकूड जळून निखारा झाला, की तो पिंजऱ्याच्या फटीतून खाली पडतो. पारीशेरो लांब सळईने ते निखारे ओढतो आणि जाळीखाली पसरतो, एकीकडे दाट, एकीकडे विरळ. त्यावर हात धरून बघतो. किती वेळ सहन होतं त्यावरून आच ठरते. बरगडी आधी हाडाच्या बाजूने ठेवतात, तिथेच तिचा बराचसा वेळ जातो, मांसाची बाजू शेवटी थोडाच वेळ. बऱ्याच जाळ्यांच्या सळया पन्हाळीच्या आकाराच्या आणि उतरत्या असतात, म्हणजे वितळलेली चरबी निखाऱ्यावर न टपकता पुढच्या कुंडीत वाहून जाते. चरबी विस्तवावर पडली की काळा धूर होतो आणि मांस कडवट लागतं. सारखं उलटसुलट करणं नाही, टोचणं नाही. मीठ जाडं, "साल पारीशेरा" नावाने दुकानात मिळतं.

साध्या जागांमध्ये लाकडाऐवजी कोळसा वापरतात. दारावर "आ लेन्या" लिहिलेलं असलं तर लाकूड. मी दोघांनाही नावं ठेवणार नाही, कोळशावरचा पण कसलेल्या हाताचा वासीओ मी लाकडावरच्या नवशिक्याच्या वासीओपेक्षा आनंदाने खाईन.

टेबलावरची हिरवी चटणी तिखट असते का?

ती चिमिचुर्री. पार्सली, ओरेगानो, लसूण, व्हिनेगर, तेल आणि नावाला सुकी मिरची. आपल्या जिभेला तिखट म्हणून काहीच जाणवत नाही. शेजारच्या वाटीत साल्सा क्रिओशा असते, कांदा, टोमॅटो आणि ढोबळी मिरची बारीक चिरून व्हिनेगर-तेलात. कोशिंबिरीत दह्याऐवजी आंबटपणा घातल्यासारखी. मी तिच्यावरच जगते म्हटलं तरी चालेल.

या शहरात तिखट खायची रीतच नाही. "पिकांते" मागितलं तर कधी कधी मिरीपूड येते. उत्तरेला साल्ता-हुहुईकडे गेलात तर एम्पानादांसोबत, म्हणजे सारण भरलेल्या करंज्यांसोबत, खरी झणझणीत चटणी मिळते. पर्समधून लोणच्याची पुडी काढली तर मोसो रागावत नाही, उलट वास घेऊन बघतो. वस्तीतल्या जागेत हे चालून जातं, पांढऱ्या टेबलक्लॉथच्या ठिकाणी नको.

आम्ही मांसाहारी आहोत, पण बीफ खात नाही. काय करावं?

"नो कोमो वाका" एवढं सांगा, कारणं देत बसू नका. मोसोने आयुष्यात याहून विचित्र फर्माइशी ऐकलेल्या असतात.

अर्धी कोंबडी, पोशो आ ला पारीशा, जवळपास सगळीकडे असते, लिंबू पिळून छान लागते. डुकराचं चालत असेल तर बोंदिओला (मानेकडचं मांस) आणि पेचीतो दे सेर्दो (बरगडी) हे दोन्ही उत्तम. मटण हवं तर जरा कठीण: बुएनोस आइरेसमध्ये बकरं क्वचित. मेंढीच्या कोकराचं मांस, कोर्देरो, ही पॅटागोनियाची खासियत. तिथे अख्खं कोकरू लोखंडी क्रुसावर ताणून आगीशेजारी उभं करतात आणि कित्येक तास तसंच ठेवतात. बकरं खायचं तर मेंदोसा प्रांतातलं मालार्ग्वे किंवा नेउकेन प्रांतातलं चोस मालाल. त्या भागाचा चिवीतो, म्हणजे कोवळं बकरं, प्रसिद्ध आहे.

इथे एक धोका आहे. नदी ओलांडून बोटीने उरुग्वेला गेलात आणि तिथे "चिवीतो" मागवलात, तर समोर गायीच्या मांसाचं सँडविच येईल. तिथे त्या नावाचा अर्थ तोच.

चोरीसोबद्दलही विचारा, त्यात बहुधा डुक्कर आणि गाय दोन्ही मिसळलेलं असतं. आणि जाळी एकच असते. तुमची कोंबडी बरगडीच्या शेजारीच भाजली जाणार. ते चालत नसेल तर "आ ला प्लांचा" मागा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या तव्यावर करून देतात.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. तिथे आमचं काय काम?

काम आहे. मात्र मागायची पद्धत माहीत हवी.

पहिली गोष्ट, "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय असं सांगून भागत नाही. इथे कार्ने म्हटलं की गाय-बैलाचं मांस डोळ्यांसमोर येतं. कोंबडी आणि हॅम त्यात मोजत नाहीत. तुम्ही "सिन कार्ने" म्हणाल, मोसो प्रेमाने हॅम घातलेलं सॅलड आणून ठेवेल, आणि त्याच्या दृष्टीने त्याचं काही चुकलेलं नसेल. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "सोय वेहेतारियाना, नो कोमो कार्ने, नी पोशो, नी पेस्कादो, नी हामोन." पुरुषांनी "वेहेतारियानो" म्हणावं. अंडं चालत नसेल तर शेवटी "नी उएवो" जोडा.

आता प्रोवोलेता. प्रोवोलोन चीजची बोटभर जाड चकती, थोडी वाळवलेली, थेट जाळीवर किंवा लोखंडी छोट्या तव्यात. खालची बाजू तांबूस झाली की उलटतात. कडा करकरीत होतात, मध्यभाग फुगून बुडबुडे येतात, वर ओरेगानो आणि सुकी मिरची भुरभुरतात. ती टेबलावर येते तेव्हा चुरचुरत असते. फोटो काढत बसू नका. दोन मिनिटांत ती आवळते आणि मग रबर. पावाच्या तुकड्याने ओढून घ्या, वर साल्सा क्रिओशा घाला. कडक शाकाहाऱ्यांनी एवढं जाणून असावं की असं चीज पारंपरिक पद्धतीत रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजतात.

प्रोवोलेता संपल्यावर पोट भरायला भाजलेली लाल ढोबळी मिरची, भाज्या आ ला पारीशा (वांगं, झुकिनी, कांदा), लसूण-पार्सली घातलेले पापास आ ला प्रोवेन्साल. "पुरे दे कालाबासा" म्हणजे उकडून घोटलेला लाल भोपळा. ज्यांना कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य आहे अशा जैन मंडळींना मी हा आणि लेट्यूस-टोमॅटोचं सॅलड सांगते. भोपळ्यात लोणी-दूध असतं, तेवढं विचारून घ्या. याहून जास्त त्यांच्यासाठी पारीशात खरोखर नाही.

पास्त्याकडे वळलात तर सॉस बघून. "फिलेतो" म्हणजे टोमॅटोचा साधा सॉस. "तुको" आणि "एस्तोफादो" यांत मांस शिजलेलं असण्याची शक्यता मोठी. राव्योलेस रिकोताचे, म्हणजे पनीरसारख्या मऊ चीजचे, घ्या. सोर्रेन्तीनोसमध्ये बहुधा हॅम-चीज भरलेलं असतं. महिन्याच्या 29 तारखेला न्योकी खायची इथली प्रथा आहे, ताटाखाली नोट ठेवतात, पैसा टिकावा म्हणून. त्या दिवशी गेलात तर ताजी न्योकी हमखास.

एम्पानादा म्हणजे भाजलेली करंजी असं समजून तुटून पडू नका. सारण "केसो इ सेबोशा" किंवा मक्याचं "उमीता" असलं तरी पारीला बऱ्याचदा गायीची चरबी लावलेली असते. "ला मासा त्येने ग्रासा?" असं विचारा. तळणीचंही तसंच. घरोघरी इथे सूर्यफुलाचंच तेल असतं, पण जुन्या पद्धतीच्या काही जागा बटाटे चरबीत तळतात आणि ते अभिमानाने सांगतातही. (आपल्या देशात बाहेरून येणाऱ्या सोयाबीन तेलातलं सगळ्यात जास्त तेल अर्जेंटिनाचं असतं. इथल्या कढईत मात्र ते मला फारसं दिसत नाही.)

हे सगळं वाचून पारीशा टाळावी असं वाटलं तर टाळा, शहरात पिझ्झाची दुकानं उदंड आहेत आणि चीज-कांद्याची फुगासेता अप्रतिम असते. पण घरात एक जण मांस खाणारा आणि एक न खाणारा असेल, तर घरगुती पारीशाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. इटालियन आजीचा मेन्यू आणि जाळी एकाच छपराखाली.

प्यायला काय घ्यावं?

मांसासोबत माल्बेक. द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, पण नाव कमावलं ते मेंदोसात. वस्तीतल्या जागेत बाटलीऐवजी हाऊस वाइन मागितली तर ती कधी कधी पेंग्विनच्या आकाराच्या चिनी मातीच्या सुरईतून येते. त्याला पिंग्विनोच म्हणतात. म्हातारी मंडळी तांबड्या वाइनमध्ये सोड्याच्या सिफोनचा फवारा मारतात, बर्फही टाकतात. वाइनचे जाणकार डोळे झाकून घेतील, पण उन्हाळ्याच्या दुपारी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हेच बरं लागतं.

दारू नको असेल तर पोमेलोचं (ग्रेपफ्रूटचं) सरबत-सोडा किंवा पाणी. पाणी मागितलं की "कोन गास ओ सिन गास?" हा प्रश्न येणारच, साधं हवं तर सिन गास.

गोड काय असतं?

फ्लान मीक्स्तो. अंडं-दुधाचं कॅरामल कस्टर्ड, एका बाजूला साय फेटल्यासारखं क्रीम, दुसऱ्या बाजूला दुल्से दे लेचे, म्हणजे साखर घालून तांबूस होईपर्यंत आटवलेलं दूध. अंडं न खाणाऱ्यांसाठी "केसो इ दुल्से": चीजचा काप आणि त्यावर क्विन्स या फळाची किंवा रताळ्याची घट्ट वडी. रताळ्याची मागा.

जेवण झालं तरी बिल का आणत नाहीत?

न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणं, असं इथे मानतात. जेवणानंतर गप्पा मारत बसायच्या वेळेला सोब्रेमेसा म्हणतात, आणि ती जेवणाइतकीच लांबते. निघायचं असेल तर मोसोच्या नजरेला नजर देऊन हवेत सही केल्यासारखा हात फिरवा, किंवा "ला क्वेंता, पोर फावोर".

बिलात कुब्येर्तो नावाची रक्कम कसली? टिप किती द्यावी?

कुब्येर्तो हा माणशी आकार: टेबल, पाव, सोबतचं काहीबाही. तो हॉटेलचा. मोसोला त्यातलं काही मिळत नाही. टिप वेगळी, साधारण दहा टक्के, रोख दिलेली बरी, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवा. मेन्यूतल्या किमतीत 21 टक्के व्हॅट धरलेला असतो, वरून काही लागत नाही. "एफेक्तीवो" म्हणजे रोख दिलं तर सूट, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरंच देतात, विचारा.

दोघांचं जेवण कितीला पडेल?

आकडा देत नाही. पेसोतले भाव इतके बदलतात की मालक मेन्यू छापण्यापेक्षा खडूने फळ्यावर लिहिणं पसंत करतात. मागच्या वर्षीच्या कुठल्याही व्हिडिओतला दर धरून चालू नका. जायच्या दिवशी त्या जागेच्या इन्स्टाग्रामवरचा मेन्यू बघा.

लहान मुलांना नेता येतं का?

नेता येतं आणि न्यावंच. रात्री अकराला टेबलांमधून पळणारी मुलं इथे रोजची. मिलानेसा (पातळ कापून, पावाचा चुरा लावून तळलेलं मांस किंवा कोंबडी) आणि पुरे (उकडून घोटलेला बटाटा) हे मुलांचं ठरलेलं जेवण.

"दोन हुलिओ" या नामांकित पारीशात गेलंच पाहिजे का?

शहराच्या पालेर्मो वस्तीतली ही पारीशा 1999 साली सुरू झाली, तीही कुटुंबाच्या जोरावर. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला आणि 2023 मध्ये मिशेलिनचा तारा. गिऱ्हाइकांनी सह्या केलेल्या रिकाम्या बाटल्या भिंतीभर लावलेल्या आहेत. मांस उत्तमच. पण टेबल मिळवणं हा स्वतंत्र उद्योग आहे आणि खिसाही तसाच लागतो. सान तेल्मोतल्या ला ब्रिगादात मोसो मांस चक्क चमच्याने कापून वाढतात, भिंतींवर फुटबॉलच्या जर्सी. तोही अनुभव घेण्यासारखा.

माझं मत विचाराल तर आयुष्यात एकदाच येणार असाल आणि बुकिंग मिळालं तर दोन हुलिओ जरूर करा. इथे महिनाभर राहणार असाल तर बोएदो, विशा क्रेस्पो, मातादेरोस असल्या वस्त्यांत आपली एक जागा शोधा आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा. चौथ्यांदा गेल्यावर मोसो न विचारता तुमची प्रोवोलेता सांगून टाकतो. मातादेरोसचं तर नावच कत्तलखान्यांवरून पडलंय. देशाचा मोठा गुरांचा बाजार 2022 पर्यंत तिथेच होता, मग शहराबाहेर कान्युएलासला गेला.

उरलेलं बांधून मिळतं का?

मिळतं. "पारा शेवार" म्हणा.

एकटीने जाणं विचित्र दिसेल का?

दुपारी अजिबात नाही. कामगार, टॅक्सीवाले, बँकेतले लोक एकेकटे बसून जेवतात, टीव्हीवर मॅच चालू असते. रात्री सगळे गोतावळा घेऊन येतात, तेव्हा थोडं एकटं वाटू शकतं. जाळीसमोर बाकडं असलं तर तिथे बसा, पारीशेरो बोलका निघाला तर वेळ मजेत जातो.

ओळखीच्यांनी घरी असादोला बोलावलंय. तिथे काय पाळावं?

वाइनची बाटली किंवा आइस्क्रीमचा किलोचा डबा न्या. शाकाहारी असाल तर आधीच सांगा आणि स्वतःसाठी मिरच्या, वांगी, मक्याची कणसं घेऊन जा, जाळीच्या एका कोपऱ्यात जागा मिळते. एक वाजताचं बोलावणं असलं तर दीडला पोचा, आणि जेवण तीनच्या आधी मिळेल अशी आशा धरू नका. मधल्या वेळात चीज, सलामी आणि शेंगदाण्यांवर भागवायचं. भाजणाऱ्याच्या निखाऱ्यांना हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, झालं का म्हणून विचारायचं नाही. मांस टेबलावर आलं की कोणीतरी "उन आप्लाउसो पारा एल असादोर!" असं ओरडेल. तेव्हा हातातला काटा खाली ठेवून टाळ्या वाजवायच्या, तुमच्या ताटात नुसती मिरची असली तरी.